पोट कमी करण्याआधी

वळणावरची तब्येत : लेखांक ४

मागच्या लेखात गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल पाहिलं. आज बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने.

या दिवसांत बाळंतिणीला सल्ल्यांची कमी नसते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, सव्वा महिना हलू नकोस, पोट घट्ट बांध. मोबाइल म्हणतो, महिन्याभरात पोट सपाट करा. पहिल्या सल्ल्यातली विश्रांती खरीच गरजेची. पण सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून घरातल्या घरात थोडं थोडं चालायलाच हवं. दुसरा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवावा.

का, ते समजून घेऊ. बाळंतपणाच्या वेळी गर्भाशयाचं वजन साधारण 1 किलो असतं. ते ओसरून 60-70 ग्रॅमवर यायला सुमारे 6 आठवडे लागतात. तोवर पोट पुढे दिसणारच. शिवाय छातीपासून ओटीपोटापर्यंत उतरणारे पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब सरकतात आणि त्यांना जोडणारा मधला पट्टा ताणून पातळ होतो. शेवटच्या महिन्यांत हे जवळजवळ प्रत्येकीत घडतं. पुष्कळजणींत ही फट पहिल्या 8 आठवड्यांत बरीचशी भरून येते, काहींत राहते.

ती घरी तपासता येते. उताणं झोपून गुडघे दुमडा. बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि डोकं व खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना घट्ट लागतील. मधल्या खळग्यात किती बोटं मावतात ते पाहा. 8 आठवड्यांनंतरही दोनाहून अधिक बोटं मावत असतील, किंवा उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशा वेळी घाईने सिट-अप्ससारखे पोटावर जोर देणारे व्यायाम केले, तर उंचवटा वाढू शकतो. पोटपट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, उठताबसता बरं वाटतं. पण स्नायूंचं काम पट्टा करत नाही. तो करकचून आवळला तर सगळा दाब खाली ओटीपोटावर येतो.

आणि तिथेच बायका ज्याबद्दल बोलत नाहीत ते दुखणं आहे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे तोलून धरणारे स्नायू नऊ महिन्यांच्या भाराने सैल पडतात. सिझर झालं म्हणून ते वाचत नाहीत, कारण भार तर त्यांनीही वाहिलेला असतो. मग खोकताना, शिंकताना, बादली उचलताना लघवीचे थेंब गळतात. ‘पोरं झाल्यावर एवढं चालायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. हे सर्रास घडतं, पण सोसत बसण्याचं कारण नाही.

या स्नायूंचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडला. त्याला ना मॅट लागते, ना वेगळा वेळ. वारा आणि लघवी एकदम रोखून धरावी तसे खालचे स्नायू आत-वर ओढा, 5 सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा. श्वास चालू ठेवा; पोट, मांड्या, नितंब आवळू नका. एका वेळी 8 ते 10 वेळा, दिवसातून 3 वेळा, किमान 3 महिने. बाळाला पाजताना करायचं ठरवलं की विसरत नाही. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करायची सवय मात्र लावू नका. प्रसूतीनंतर बरं वाटू लागलं की तो सुरू करता येतो. लघवीची नळी असेल तर ती काढल्यावर.

पुढचा क्रम असा. आधी चालणं, हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत. 6 आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारून ताकदीचे व्यायाम. धावणं, उड्या, झुंबा किमान 3 महिन्यांनंतर. सिझर झालं असेल तर पहिले 6 आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका; नंतरही कळशी किंवा गव्हाचा डबा उचलताना श्वास सोडत उचला.

या काळात उपाशी राहून वजन उतरवू नये. पहिले 6 महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर खावेत. पण जेवणात डाळ, अंडी, दही, हिरवी भाजीही हवी. थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. अशा थकव्यावर व्यायाम हे औषध नाही.

मूल आता शाळेत जात असेल, तरी उशीर झालेला नाही. हे स्नायू कोणत्याही वयात बळकट करता येतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटलं की ते आणखी अशक्त होतात, म्हणून ही कमाई तेव्हाही उपयोगी पडेल. 3 महिने नियमित करूनही गळती थांबली नाही, तर लाज न बाळगता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. आणि घरात कुणी बाळंतीण असेल, तर पोट कधी उतरणार, हा प्रश्न तिला विचारू नका.

(पुढील लेखात : चाळिशीतली हाडं आणि स्नायू)