चाक मोठे, उशी लहान

गाडी तीच असली, तरी चाके बदलली की तिचा रुबाब बदलतो. कमानीत काठोकाठ भरलेली चकचकीत अलॉय रिम आणि तिच्याभोवती काळ्या पट्टीसारखा चपटा टायर, हे रूप आता शहरांपुरते राहिलेले नाही. नवी गाडी घेताना 'वरचे मॉडेल घेऊ, चाके मोठी मिळतात' असे ठरते. नाही तर जुन्या गाडीला सणासुदीला नव्या रिम चढतात. हौसेला मोल नसते, हे खरे. पण संग्रामपूर तालुक्यातल्या घराला रेल्वे गाठायची तर शेगावला जावे लागते आणि मोठे रुग्णालय गाठायचे तर खामगाव किंवा अकोला. गाडी रोजच्या कामाची आहे आणि तिच्या मागच्या सीटवर कधी दुखऱ्या कंबरेची आजी असते, तर कधी दिवस भरत आलेली सून. त्यामुळे चाकाचा निर्णय नुसत्या दिसण्याचा राहत नाही.

हा निर्णय कळायला टायरच्या कडेवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. '१८५/६५ आर १५' याचा अर्थ, टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, त्याच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत सुमारे १२० मिलिमीटर उंचीची हवेची उशी. मारुती बलेनोच्या खालच्या मॉडेलला हेच माप मिळते. वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ असते आणि तिथे ही उशी सुमारे १०७ मिलिमीटर भरते. बाहेरून कोणी याहून पुढे जाऊन २०५/४५ आर १७ बसवले, तर ती ९२ मिलिमीटरवर येते. या तिन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. चाक मोठे झालेलेच नसते. आतले धातूचे वर्तुळ वाढते आणि तेवढीच हवा कमी होते.

त्या हवेची किंमत जुन्या बैलगाडीत बसलेल्यांना ठाऊक असते. लाकडी चाकावर लोखंडी धाव असलेली गाडी दगडावरून गेली की धक्का थेट मणक्यात पोहोचायचा. हवेच्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतले, पण तो शोध मागे पडला. पुढे बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर दणके खाते हे पाहून तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यात टायरच्या बैलगाडीला आजही लोक 'डनलॉप' म्हणतात, ते याच नावावरून. हवेचा टायर आला तो प्रवास सुसह्य व्हावा म्हणून.

येथे एक शंका साहजिक आहे. बैलगाडीचे चाक मोठे असते ते खड्ड्यात कमी पडावे म्हणूनच ना? अगदी बरोबर. एकूण व्यास मोठा असेल तर चाक खड्ड्यात कमी उतरते आणि त्याची कड सहज चढते. ट्रॅक्टरचे मागचे चाक त्याचेच उदाहरण. पण कारच्या कमानीत जागा ठरलेली असते आणि स्पीडोमीटरही मूळ व्यासावर जुळवलेला असतो. म्हणून रिम वाढवताना बाहेरचा व्यास तोच ठेवावा लागतो. मोठ्या चाकाचा तो फायदा त्यामुळे पदरात पडत नाही, आणि उशी मात्र जाते.

आता रस्त्याकडे पाहू. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कालांतराने लाटांसारखा वरखाली होतो, डांबर तडकते, मग त्यावर ठिगळे बसतात. गाडीला यातून दोन वेगळ्या प्रकारचा त्रास होतो. दहा मीटर लांबीच्या लाटांवरून ताशी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास गाडी सेकंदाला दीडपावणेदोन वेळा झुलते. हे झुलणे सांभाळण्याचे काम स्प्रिंग आणि शॉकअपचे. टायर बदलल्याने तिथे फारसा फरक पडत नाही. खड्ड्याची धारदार कड, ठिगळाचा उंचवटा, डांबराबाहेर आलेली खडी हे मात्र क्षणात आदळणारे धक्के असतात. तेवढ्या वेळात स्प्रिंगला पुरते हलायलाही सवड मिळत नाही. हा धक्का आधी टायरची कड दबून झेलते. कड जितकी आखूड, तितकी ती ताठ, आणि तितका धक्का वर पोहोचतो. शिवाय मोठी रिम आणि रुंद टायर मिळून वजन वाढले, तर ते जड चाक खड्ड्यातून उसळून पुन्हा रस्त्याला टेकायला उशीर लावते.

शरीराचेही गणित आहे. बसलेल्या माणसाला वरखाली होणारी कंपने सर्वांत जास्त जाणवतात ती सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी. कंपने मोजण्याचे 'आयएसओ २६३१' हे आंतरराष्ट्रीय मानकही या पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व देते. तीन-तीन मीटरवर ठिगळे असलेल्या रस्त्यावर ताशी ६० चा वेग ठेवला, तर सेकंदाला साडेपाच धक्के बसतात, म्हणजे बरोबर याच पट्ट्यात. वर्षानुवर्षे ट्रक, बस, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण अधिक आढळते आणि कंपने हे त्यामागचे एक कारण मानले जाते. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी रोजच्या कंपनांच्या मर्यादा ठरवल्या, त्या यामुळेच. महिन्यातून चारदा शेगावला जाणाऱ्या कुटुंबाला एवढ्याने आजार जडेल असे नाही. पण ज्याचा मणका आधीच कुरकुरतो किंवा ज्याचे नुकते ऑपरेशन झाले आहे, त्याला आखूड उशीचा फरक पहिल्या ठिगळावरच कळतो.

हा फरक चालवणाऱ्याला उशिरा कळतो. तो दोन आसांच्या मध्ये बसलेला असतो, खड्डा आधी दिसतो आणि स्टिअरिंग धरून तो अंग सावरतो. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते आणि तिथल्या माणसाला धक्का बेसावध गाठतो. चाके पसंत करणारा पुढे बसतो, त्यांची किंमत मागचा मोजतो.

धक्क्याखेरीज नुकसानाचाही मुद्दा आहे. खड्ड्याच्या कडेवर आखूड टायर रिम आणि दगड यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटले की बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. भार पेलण्याची ताकदही पाहावी लागते. टायरवरचा ८८ हा भारांक ५६० किलो दाखवतो, तर ८४ म्हणजे ५०० किलो. पाच माणसे आणि डिकीत धान्याचे पोते असताना चाकामागे ६० किलो कमी हे थोडे नव्हे. दणके कमी बसावेत म्हणून हवा कमी ठेवणे तर धोक्याचेच. विदर्भातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर जास्त मुडपतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो. हवा नेहमी चालकाच्या दारावरील पट्टीत दिली असेल तेवढी, आणि टायर थंड असताना मोजावी.

मोठ्या रिमचे काहीच भले नाही, असे मात्र नाही. आखूड कडेचा टायर वळणावर कमी वाकतो, स्टिअरिंगला प्रतिसाद नेमका मिळतो, आत मोठ्या ब्रेक डिस्कला जागा होते. गुळगुळीत महामार्गावर हे गुण खुलून दिसतात. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर अखंड टाकून विक्रम झाला, त्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १६ किंवा १७ इंची रिम तक्रारीला जागा देणार नाही. पण सोनाळा, टुनकी किंवा पातुर्ड्याची गाडी महामार्गावर अलगद उतरत नाही, गावचा रस्ता तुडवूनच तिथे पोहोचते.

म्हणून निवड करताना क्रम उलटा लावावा. आधी वर्षभरातले बहुतेक किलोमीटर कोणत्या रस्त्यावर जातात ते पाहावे, मग मागे कोण बसते ते, आणि शेवटी शोभा. कंपनीने त्याच मॉडेलसाठी सांगितलेली मापे ही वरची मर्यादा समजावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनीही अशा बदलांवर बोट ठेवू शकते. शोभाच हवी असेल, तर मूळ मापाचीच अलॉय रिम घेता येते. रूप बदलते आणि उशी शाबूत राहते. वरचे मॉडेल घ्यायचेच असेल, तर दोन्ही गाड्या चालवून पाहण्यापेक्षा दोन्हींच्या मागच्या सीटवर बसून पाहावे. आणि ती फेरी शोरूमसमोरच्या चौपदरी रस्त्यावर नको, ठिगळांच्या रस्त्यावर हवी. घरातल्या सर्वांत दुखऱ्या कंबरेला सोबत न्यावे आणि तिचे मत शेवटचे मानावे.