सरासरीशी छत्तीसचा आकडा

3 फेब्रुवारी 2022 ला फ्लोरिडाहून 49 स्टारलिंक उपग्रह एकाच रॉकेटने वर गेले. कक्षेचं खालचं टोक जेमतेम 210 किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी भूचुंबकीय वादळ आलं, तेही मामुलीच. पण तापून फुगलेल्या हवेने वाट अडवली, विरोध 50 टक्क्यांपर्यंत वाढला आणि जवळपास 40 उपग्रह वातावरणात पडून जळाले. इतक्या वरच्या हवेला तापवलं कोणी?

उत्तराचा मोठा भाग ध्रुवांजवळ सापडतो. सौरवाऱ्यासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं गेलं की ध्रुवावरचा प्लाझ्मा दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे ओढला जातो आणि पहाटेच्या नि सांजेच्या कडेने परत फिरतो. जेम्स डंगी यांनी 1961 मध्ये हे चक्र मांडलं. नकाशावर दोन भोवरे दिसतात. वेग सेकंदाला काहीशे मीटर, कधी किलोमीटरच्याही वर. हा भारित वायू साध्या हवेला घासत जातो आणि ती तापते.

उपग्रह हा वेग मोजतो, पण एक रेघ ओढून पुढे निघून जातो. रडार जागेवर बसून बघत राहतं. 1983 मध्ये कॅनडातल्या गूज बे इथे रे ग्रीनवाल्ड यांचं रडार सुरू झालं. त्याच वंशातलं सुपरडार्न हे जाळं आज दोन्ही गोलार्धांत आहे, रडार तीसहून अधिक. लहरी 8 ते 20 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओच्याच घराण्यातल्या. वरच्या हवेच्या भारित थरात, म्हणजे आयनांबरात, त्या वाकतात, चुंबकीय रेषांच्या दिशेने ताणलेल्या प्लाझ्माच्या खडबडीवरून परततात आणि वारंवारतेतल्या फरकावरून वेग सांगतात. तोही फक्त रडारकडे येणारा किंवा दूर जाणारा. म्हणून तोच टापू दुसरं रडार तिरकं बघतं.

आता वरच्या हवेचं गणित मांडणाऱ्या मॉडेलवाल्यांची अडचण. बोल्डरच्या एनसीएआर संस्थेतल्या टीआयईजीसीएमसारख्या मॉडेलला ध्रुवावरचं, म्हणजे या प्लाझ्माला पळवणारं, विद्युतक्षेत्र बाहेरून पुरवावं लागतं. सहसा ते हीलिस किंवा वाइमर यांच्या सांख्यिकी नकाशांतून येतं. हे नकाशे गुळगुळीत, कारण उपग्रहांच्या अनेक फेऱ्यांचं त्यात मिश्रण. पण उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते (साधी हवा तूर्त स्थिर धरू). वेग एकदा 2, एकदा 10 असेल तर सरासरी 6, तिचा वर्ग 36. खरी उष्णता मात्र 4 आणि 100 यांची सरासरी, म्हणजे 52. चूक होते ती दरवेळी कमीच्याच बाजूला. मिहाइल कोड्रेस्कू आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. उष्णतेला ठरावीक गुणकाने फुगवून वेळ मारून नेण्याचीही रीत आहे. मला ती पटत नाही. शांत रात्र आणि वादळ दोघांना एकच गुणक कसा लागू पडेल?

रडार दर एक-दोन मिनिटांनी नवा नकाशा देतं, त्यामुळे चढउतार मॉडेलमध्ये उतरतात. मात्र ऐन वादळात खालच्या थरातलं आयनीकरण लहरी गिळून टाकतं, प्रतिध्वनी हरवतात. भोवरेही विषुववृत्ताच्या दिशेने सरकतात आणि जुन्या रडारांच्या टप्प्याबाहेर जातात. त्यासाठीच 2005 मध्ये व्हर्जिनियात वॉलप्स बेटावर मध्य अक्षांशाचं पहिलं रडार आलं. तरी भोकं उरतातच. रुओहोनिएमी आणि बेकर यांच्या 1998 च्या पद्धतीत ती पुन्हा सांख्यिकी मॉडेलनेच बुजवली जातात, म्हणजे दारातून घालवलेली सरासरी खिडकीतून आत येते. छापील नकाशात मोजलेल्या जागी शेपटीवाले ठिपके असतात. ठिपके नसलेल्या भागातही भोवऱ्यांच्या रेषा तितक्याच ठसठशीत काढलेल्या असतात.