प्लॅन वाढवला, पण स्पीड वाढला नाही! पैसे भरण्याआधी टेलिफोनची लाईन तपासा



घरातून व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी आपण जी मालिका करतोय, तिच्यात आज इंटरनेटच्या लाईनबद्दल बोलू. विषय थोडा टेक्निकल वाटेल, पण घाबरू नका. मी इंजिनिअर नाही, बीबीए झालेला साधा दुकानदार आहे. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेलच.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी साताऱ्यात दुकान सांभाळून मी घरातून ऑनलाईन क्लास घ्यायला सुरुवात केली. घरी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. स्पीड मिळायचा २ एमबीपीएसच्या आसपास. मी विचार केला, धंद्यात पैसे घालावे लागतात. म्हणून ८ एमबीपीएसचा प्लॅन घेतला. महिन्याला साडेचारशे रुपये जास्त, आणि वर्षाचे एकदम भरले. म्हणजे ५,४०० रुपये जादा. दुसऱ्या दिवशी स्पीड बघतो तर तोच २!

जुलैमध्ये भर पावसात लाईव्ह क्लास होता. २२ जणांनी फी भरलेली. अर्ध्या तासात चार वेळा लाईन गेली. सगळ्यांचे पैसे परत केले. पैशाचं दुःख एक वेळ विसरतो माणूस, पण त्या २२ पैकी पुन्हा किती आले? फक्त तीन. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. माझ्या तारेतून ८ एमबीपीएस येऊ शकतात का, हा प्रश्न मी पैसे भरण्याआधी कुणाला विचारलाच नव्हता.

प्लॅन म्हणजे टाकी, लाईन म्हणजे पाईप

टाकी कितीही मोठी बांधा, पाईप अर्ध्या इंचाचा असेल तर नळाला तेवढंच पाणी येणार. इथेही तसंच आहे. प्लॅन कंपनी कागदावर देते. प्रत्यक्षात किती मिळणार ते एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंतची तांब्याची जोडतार ठरवते.

आता ही तार कशासाठी टाकली होती? बोलण्यासाठी. आपल्या आवाजाला टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच जागा लागते. ब्रॉडबँड त्याच तारेवर, पण खूप वरच्या पट्टीत चालतं. एडीएसएल २ प्लस या पद्धतीत ही पट्टी २२ लाख हर्ट्झपर्यंत जाते.

बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत ब्रॉडबँड सुरू केलं, तेव्हा सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँड होतं. जुन्या तारांना तेवढं झेपायचं, त्यामुळे तारेचे दोष कुणाला दिसले नाहीत. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आपली गरज वाढत गेली, पण कितीतरी घरांत तार मात्र तीच राहिली.

पहिलं कारण: अंतर

गणपतीची मिरवणूक आठवा. लांबून येत असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोलाचा धम-धम आवाज. ताशा आणि झांज मिरवणूक जवळ आल्यावरच कळतात. म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज लांब पोचतो, वरच्या पट्टीचा वाटेत विरतो. तांब्याच्या तारेतही हेच होतं. बोलणं म्हणजे ढोल, नेट म्हणजे ताशा. म्हणून "फोन तर चांगला चालतो, मग नेट का नाही?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर अंतर हे आहे.

एडीएसएल २ प्लसचा कमाल वेग २४ एमबीपीएस, पण तो एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घराला. तार ३ किलोमीटर झाली की साधारण ८, ४ किलोमीटरला ५ च्या आसपास, आणि ५ किलोमीटरला ३ किंवा त्याहूनही कमी. तारेच्या जाडीप्रमाणे यात थोडा फरक पडतो.

आणि हे अंतर गुगल मॅपवरचं नाही बरं का! तार जशी फिरत येते तसं मोजायचं. माझं घर एक्स्चेंजपासून सरळ दीड-दोन किलोमीटर असेल. पण तार रस्त्याकडेच्या पिलर बॉक्समधून, मग डीपीच्या खांबावरून, गल्ल्या-बोळ फिरून येत होती. ती भरली चार किलोमीटर.

दुसरं कारण: खराब जोड आणि ओल

जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली असते. पण जिथे जोड दिलाय तिथे ती केबल कच्ची. रस्ता खोदताना जेसीबीचा दात लागला, घाईत जोड दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली, की पहिल्या पावसात ओल आत जाते. तांब्यावर हिरवट थर चढतो. बोलणं तरीही ऐकू येतं, थोडी खरखर येते इतकंच. पण नेटचा नाजूक सिग्नल तिथेच अडखळतो.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरात पिलर बॉक्स आणि केबलचे जोड दिवसेंदिवस पाण्यात राहतात. पाणी ओसरल्यावर फोन परत बोलायला लागतो आणि आपल्याला वाटतं लाईन सुधारली. पण आत गंज सुरू झालेला असतो, तो पुढे कित्येक महिने त्रास देतो. सातारच्या बाजूला पूर कमी, पण जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाचे चार महिने ओल हटत नाही.

त्यात जुने जाणकार लाईनमन कमी झाले. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून देशभरातले ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कुठल्या पिलरमध्ये कुठला जोड कच्चा आहे हे ज्यांना तोंडपाठ होतं, अशी अनुभवी माणसंही अशा वेळी जातात.

घरच्या घरी तपासणी: पाच पायऱ्या

१. फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. आता शांतपणे ऐका. पूर्ण शांतता हवी. खरखर किंवा घूं आवाज आला तर लाईनमध्ये दोष आहे.

२. वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून स्पीड बघा. खूप वेळा बिचारी लाईन ठीक असते आणि मधल्या दोन भिंती स्पीड खातात.

३. ब्राउझरमध्ये मोडेमचं पान उघडा. बहुतेक मोडेमना १९२.१६८.१.१ हा पत्ता चालतो. तिथे डीएसएल स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये दोन आकडे शोधा: लाईन अटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन.

अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती विरला. आकडा जितका कमी तितकं चांगलं. ३० च्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर गेला तर मोठ्या स्पीडची आशा सोडा.

एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती शिल्लक आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन रंगात असताना कानात बोललेलं कळतं का? ओरडावं लागतं. तसंच हे. इथे आकडा जास्त हवा. १० च्या वर असेल तर निवांत राहा, ६ च्या खाली गेला की लाईन कधीही तुटू शकते.

४. घरातले बाकी सगळे फोन, एक्स्टेन्शन काढा. तार घरात जिथे पहिल्यांदा येते तिथेच मोडेम लावा आणि आकडे परत बघा. सुधारले, तर दोष तुमच्याच घरातल्या वायरिंगमध्ये आहे. फोन आणि मोडेमच्या मध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी असते, तीही बदलून बघा. खर्च किरकोळ असतो.

५. हे आकडे तीन दिवस सकाळी, रात्री आणि पाऊस पडल्यावर वहीत लिहा. पावसात एसएनआर पडला तर जोडात ओल आहे. आकडे दिवसभर तेच, पण स्पीड फक्त रात्री आठनंतर पडतो, तर तुमची तार निर्दोष आहे. कंपनीकडे पुढे गर्दी होतेय.

तक्रार कशी करायची?

"नेट स्लो आहे हो" असं सांगितलं की उत्तर ठरलेलं: मोडेम बंद करून चालू करा. त्याऐवजी असं सांगा: "लाईनवर खरखर आहे. घरातले सगळे फोन काढून बघितले. एसएनआर ४ आहे, पावसात २ होतो." लगेच कळतं की समोरचा माणूस तपासून बोलतोय. डॉकेट नंबर आणि तारीख लिहून ठेवा. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ते ठेवावंच लागतं.

माझ्याकडे जे लाईनमनकाका आले, त्यांनी खांबावरची डबी उघडून मला तार दाखवली. पूर्ण हिरवी! नवा जोड दिला, घरातलं जुनं एक्स्टेन्शन काढून टाकलं. स्पीड २ वरून साडेचारवर गेला. मी खूश. म्हटलं, "काका, आता ८ पर्यंत न्या की." ते हसले. म्हणाले, "जोड माझ्या हातात आहे, चार किलोमीटर कुठं कमी करू?"

मित्रांनो, त्या दिवशी मला मुद्दा कळला. खराब जोड दुरुस्त होतो, अंतर दुरुस्त होत नाही. अटेन्युएशन कमी आणि एसएनआर खराब, तर दुरुस्तीच्या मागे लागा. अटेन्युएशनच जास्त, तर त्या तारेवर एक रुपयाही वाढवू नका, माध्यम बदला.

माध्यम बदलायचं म्हणजे काय?

फायबर. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यामुळे चार-पाच किलोमीटर ही काही अडचणच नाही. अपलोडचाही फायदा मोठा. एडीएसएलवर अपलोड जेमतेम १ एमबीपीएस मिळतं. कमकुवत लाईनवर अर्धाच मिळाला, तर ३०० एमबीचा प्रॉडक्ट व्हिडिओ चढवायला एक तास वीस मिनिटं लागतात. १० एमबीपीएसवर तेच काम चार मिनिटांत होतं. ऑर्डरचे फोटो, लाईव्ह, क्लास हे सगळं अपलोडवर चालतं. म्हणून प्लॅन घेताना अपलोड किती, हे नक्की विचारा.

पण फायबर घेतलं म्हणजे डोळे मिटायचे, असंही नाही. जोडणीच्या दिवशी माणसाला ऑप्टिकल पॉवर मोजायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे असेल तर त्याच दिवशी जोड परत करून घ्या. खिळ्याला गुंडाळलेली, कोपऱ्यात मोडलेली फायबर चालवून घेऊ नका.

गावात अजून फायबर नसेल, तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्ड घेऊन महिनाभर तुमच्या कामाच्या वेळेत मोबाईल नेट तपासा. आणि फायबर असलं तरी लाईव्हच्या दिवशी एक सिम बॅकअपला ठेवाच.

जागा घेण्याआधी हे करा

दुकानासाठी गाळा किंवा क्लाससाठी खोली भाड्याने घेताना आपण पाणी, लाईट, पार्किंग बघतो. त्यात एक प्रश्न वाढवा: "इथे नेट कुठल्या तारेवर आहे?" शेजारच्या दोन दुकानदारांना विचारा. पावसात काय होतं तेही विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, पण अकरा महिन्यांचा करार सहीला येण्याआधीच करायचं.

व्यवसायातही हाच नियम आहे. विक्री वाढत नाही म्हणून आपण जाहिरातीवर पैसे वाढवतो, आणि गिऱ्हाईक परत जात असतं पॅकिंग वेळेवर होत नाही म्हणून. आधी अडलंय कुठे ते शोधा, मग खिशात हात घाला. माझे ५,४०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

आज रात्रीच मोडेमचं पान उघडा आणि तुमचे दोन आकडे वहीत लिहा. पुढच्या भागात बघू, घरून पार्सल पाठवताना कुरिअरचा खर्च कसा काढायचा. भेटू!