हळू स्वराची जागा

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृह आहे आणि त्याच मार्गावर दूरदर्शन भवनही आहे. एका वास्तूत गाणे समोर बसून ऐकावयाचे. दुसरीतून ते यंत्रांच्या वाटेने देशभर जावयाचे. या वाटेवर गाण्याचे काय होते, हा आजचा विषय.

कुमार गंधर्वांचे गाणे आठवून पाहा. क्षयाच्या दीर्घ आजारातून उठल्यावर त्यांनी गायकी नव्याने घडविली. एखादा स्वर ते कानात सांगितल्यासारखा लावीत, आणि पुढच्याच क्षणी आवाज उसळून सभागृह भरून टाकी. ही उसळी भासते ती आधीच्या हळुवारपणामुळे. हळू आणि मोठ्या आवाजांतील हे अंतर डेसिबलमध्ये मोजतात. दर ६ डेसिबलांना ध्वनीचा दाब सुमारे दुप्पट होतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत खरखरीमुळे हळू स्वर बुडून जात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत मात्र सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर मावू लागले.

गंमत अशी की, जागा वाढली तसा तिचा वापर आटला! सीडीला वरची मर्यादा असते. तिच्यापुढे आवाज जात नाही. मग कॉम्प्रेसर नावाच्या यंत्राने उंच शिखरे दाबावयाची आणि सारे गाणे वर उचलावयाचे. दोन गाणी लागोपाठ ऐकविली, तर किंचित मोठे असलेले आपल्या कानाला सरस वाटते. निर्मात्यांची चढाओढ लागली ती यामुळेच. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ इतकी दाबलेली निघाली की, चाहत्यांनीच तक्रार केली.

कॉम्प्रेसर सर्वस्वी वाईट, असे मी म्हणणार नाही. लोकलच्या खडखडाटात तानपुरा कोणाला ऐकू येणार? परंतु तो बेताने वापरला नाही, तर गायक श्वास घेण्यास थांबताच मागचा तानपुरा फुगून पुढे येतो आणि स्वर लागताच मागे दबतो. हा दोष एकदा कानाला कळला की, पुढे विसरता येत नाही.

२००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जाणवणारा मोठेपणा मोजण्याची रीत ठरविली. इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या अनेक सेवा आता अशाच मापाने मोठ्या गाण्याचा आवाज आपणहून उतरवितात. तेथे ओरडून पुढे जाता येत नाही, आणि दाबलेले गाणे शेजारच्या मोकळ्या गाण्यापुढे उलट सपाट वाटते.