'अरे, केशवराव जळतंय!'

८ ऑगस्ट २०२४ची रात्र. मी लातूरला, घरी लॅपटॉपसमोर, डेडलाइन डोक्यावर. तेवढ्यात मोबाइल वाजला. कॉलेजच्या नाटकवाल्यांचा ग्रुप. नांदेडला बँकेत असलेल्या मित्राने एक व्हिडिओ टाकला होता आणि खाली एकच ओळ, 'अरे, केशवराव जळतंय!'

कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. आता 'नाटक-बिटक आपला प्रांत नाही बुवा' म्हणून पान उलटू नका. ही गोष्ट भारी आहे.

छत्रपती शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथली मैदानं-थिएटरं पाहून आले आणि आपल्या गावातही असं काही हवं म्हणून कामाला लागले. आधी पैलवानांसाठी खासबाग मैदान. मग त्याला अगदी खेटून नाट्यगृह. १९१३ला काम सुरू, १९१५ला थिएटर तयार. नाव 'पॅलेस थिएटर'. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला संगीत नाटक. हे कॉम्बिनेशन फक्त कोल्हापूरकरांनाच जमावं!

आणि केशवराव? कोल्हापूरचाच पोरगा, जन्म ९ ऑगस्ट १८९०चा. लहानपणीच देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदा रंगवून गाजला. १९०८मध्ये हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक कंपनी काढली. तेव्हा वय अठराही पूर्ण नव्हतं. आपण त्या वयात सीईटीचे फॉर्म भरत होतो! ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन कंपन्यांचे दोन सुपरस्टार एकाच स्टेजवर. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचंच नाव मिळालं.

कॉलेजात असताना आम्ही सगळे एसटीने तिथे नाटक बघायला गेलो होतो. प्रयोगाआधी हातापाया पडून रिकाम्या स्टेजवर दोन मिनिटं उभं राहायची परवानगी मिळवली. माइक नाही, काही नाही. मी एकांकिकेतलं वाक्य जीव खाऊन फेकलं. शेवटच्या रांगेतून या बँकवाल्याचं उत्तर आलं, 'ओरडू नकोस, नीट ऐकू येतंय.'

म्हणूनच तो व्हिडिओ पुढे बघवेना. जुनं लाकूडकाम भराभर पेटलं. स्टेज, छत, खुर्च्या, सगळं गेलं. पलीकडे खासबागेच्या व्यासपीठालाही झळ बसली. आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. योग म्हणायचा की काय! कोल्हापूरचे कलावंत त्या राखेसमोर अक्षरशः रडले.

नंतर होतं तसंच नाट्यगृह पुन्हा बांधायचं काम हाती घेतलं गेलं. पण माझ्या डोक्यात भुंगा वेगळाच. एक थिएटर जळालं म्हणून अख्खं गाव रडतं, कारण आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाची तिथली काहीतरी आठवण असते. आपलं काय? नांदेडला कुसुम सभागृह आहे, शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. लातूरला दयानंद सभागृह आहे. सत्कार, भाषणं, गॅदरिंग यांना आपण जातो. पण नाटकाचं तिकीट शेवटचं कधी काढलं? मला स्वतःला आठवेना. नाटकावर लिहिणारी मी, आणि ही बोंब!

त्याच रात्री मी नांदेडला फोन लावला. म्हटलं, 'कुसुमला पुढचं जे नाटक येईल त्याला मी येते. तिकिटं तू काढ.'

'आणि मध्यंतरातला वडा?'

'तोही तूच. बँकेत तू आहेस, मी फ्रीलान्सर!'