लग्नाचे फोटो पुन्हा छपराखाली

सातारा-सांगलीकडची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मास लागेपर्यंत चालते. पावसाळ्याचे बहुतेक दिवस पंचांगानेच वगळलेले. तरीही गेल्या तीस-चाळीस वर्षांचे अल्बम उलटत गेलं, की फोटो कुठे काढायचे हे अनेकदा पावसानेच ठरवल्याचं दिसतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकात हा प्रश्नच नव्हता. ३६ फोटोंचा रोल, कार्यालयातल्या ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश. लग्नानंतर जोडपं स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहायचं. पडद्यावर धबधबा नाहीतर बागेतला कारंजा. बाहेर काहीही कोसळो, तिथलं हवामान स्वच्छ. पुढे व्हिडिओवाल्याचा हॅलोजन आला. नवरीचे डोळे मिटायचे, भटजींना घाम फुटायचा, पण पावसाची भीती कुणालाच नव्हती.

डिजिटल कॅमेऱ्याने रोल संपण्याची धास्ती घालवली आणि सगळेच बाहेर पडले. पुणे-बंगळूर महामार्गालगत ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ अशा पाट्या वाढल्या. प्री-वेडिंगचं वारं आल्यावर अजिंक्यतारा, ठोसेघर, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेलं कास, सांगलीत कृष्णेचा घाट आणि १९२९चा आयर्विन पूल, अशी ठिकाणं ठरून गेली.

इथेच वळवाने गाठलं. एप्रिल-मेमध्ये दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि चार ते सहाच्या सुमारास वाऱ्यासकट कोसळतात. गोरज मुहूर्ताची गडबड आणि फोटोग्राफरला हवं असलेलं तिरपं सोनेरी ऊन, दोन्ही नेमकी त्याच वेळेची. मार्च-एप्रिलमध्ये तासगावकडे शेडमधला बेदाणा झाकायला शेतकरी पळतो, तेव्हाच शेजारच्या लॉनवर खुर्च्या डोक्यावर घेऊन वऱ्हाड पळत असतं. त्यात एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, त्यामुळे एका तालुक्याचा अंदाज दुसऱ्याला लागू पडत नाही. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला ऐन मुहूर्तांत अवकाळी झाला. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मेलाच राज्यात दाखल झाला आणि मेअखेरच्या लग्नांची त्रेधा उडाली.

(सांगलीकरांना पाऊस काढलेले फोटोही सोडत नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि ओसरल्यावर घराघरांत अल्बम वाळत घातले गेले. जुन्या प्लास्टिकच्या पानांना फोटो असे चिकटले होते, की सोडवताना चेहरेच निघून यायचे.)

मग पुन्हा आत. पण या वेळी आत येताना फोटोग्राफर शहाणा झाला होता. सजावट पाहण्याआधी तो उजेड कुठून येतो ते पाहू लागला आणि जुन्या वाड्यांची किंमत कळली. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा ‘स्वदेस’मुळे लोकांना ठाऊक; फोटोसाठी त्याची खरी श्रीमंती चौकात आहे. चौकातून आभाळाचा उजेड उतरतो, सोप्यावर छप्पर असतं. ढगाळ दिवशी सोप्याच्या कडेला, खांबाजवळ नवरीला उभं करावं: नथीची सावली गालावर पडत नाही आणि शालूची जर न चकाकता दिसते. लिंबची शाहूकालीन बारा मोटेची विहीरही अशीच. सर आली तर मधल्या महालात शिरता येतं, मात्र ओल्या पायऱ्यांवर नऊवारी सांभाळणं नवरीच जाणे. उजेड आत कसा घ्यावा हे नुसतं पाहायचं असेल, तर औंधला जावं. १९३८च्या भवानी संग्रहालयात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी चित्रांसाठी केलेली सोय पाहिली, की हल्लीचे बिनखिडक्यांचे एसी हॉल कुणी आखले असा प्रश्न पडतो.

वाडा प्रत्येकाला मिळत नाही. बहुतेकांच्या वाट्याला कार्यालयच येतं. तिथे सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्टेज. जांभळ्या एलईडीत हळदीचा रंग मातकट दिसतो. छत पांढरं असेल तर फ्लॅश वर मारून मऊ उजेड खाली आणता येतो, पण त्यावर लाल कापड ताणलं की तोच उजेड लाल होऊन तोंडावर येतो. त्यापेक्षा वधूपक्षाची खोली बरी. बॅगा, रुखवताची खोकी आणि झोपलेली पोरं एका बाजूला सरकवली, की खिडकीपाशी दोन माणसांपुरती जागा निघते.

जाणते फोटोग्राफर आता आदल्या दिवशी, फोटोच्याच वेळेला कार्यालयात येतात, सगळे दिवे बंद करायला लावतात आणि कुठे उजेड उरतो ते बघतात. वळवात वीज जाते, तेव्हा हीच जागा कामाला येते. यावरून डेकोरेशनवाल्याशी वाद ठरलेला: त्याला नेमक्या त्याच खिडकीवर पडदा लावायचा असतो. पूर्वी पडदा लागायचाच. हल्ली निदान मे महिन्यात तरी मुलीचे वडील फोटोग्राफरच्या बाजूने बोलतात.