‘रुग्ण संमती देत नाही’

वॉर्डातून आमच्या खोलीत येणाऱ्या चिठ्ठ्या एका ओळीच्या असतात. ‘पैशांची अडचण.’ ‘नातेवाईक नाहीत.’ ‘रुग्ण संमती देत नाही, समुपदेशन करावे.’ लिहिणारा निवासी डॉक्टर छत्तीस तास जागा असतो, त्याच्याकडून यापेक्षा जास्त मागायचं कसं? चिठ्ठी हातात पडली की आमचं काम सुरू होतं. आमच्या पदाचं सरकारी नाव ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. वॉर्डातले मामा आणि मावशी मात्र ‘एमएसडब्ल्यू मॅडम’ म्हणतात आणि रुग्णांच्याही तोंडी तेच बसतं.

ज्या माणसाबद्दल लिहिते आहे, त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तो बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडात तोडणी करताना उसाचं खोडकं पायात घुसलं. मधुमेह आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. तोडणी बंद पडली की खाडा लागतो, म्हणून जखमेला हळद लावून, फडकं बांधून तो कोयता चालवत राहिला. आमच्याकडे आणला तेव्हा पायाची बोटं काळी पडली होती आणि काळपटपणा वर चढत होता. सर्जन म्हणाले, आत्ता गुडघ्याखालून पाय काढला तर गुडघा वाचेल, उशीर झाला तर गुडघाही जाईल. तो सही करेना. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाचा पाय त्याच्या सहीशिवाय काढता येत नाही आणि येऊ नयेच.

खाटेपाशी जाण्याआधी मी केसपेपर वाचते आणि सिस्टरशी बोलते. सिस्टरला वॉर्डातलं सगळं दिसत असतं. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. राउंडच्या वेळी त्याची बायको मुद्दाम बाहेर जाऊन बसते. आणि संध्याकाळी त्याला एक फोन येतो, त्यानंतर तो जेवत नाही. या दोन्ही गोष्टी केसपेपरवर नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, खाट मिळते, एकांत मिळणं फार अवघड. दोन खाटांमध्ये हातभर अंतर, मध्ये जमिनीवर आणखी एक गादी. अशा ठिकाणी माणूस घरातलं दुःख काढणार कसा? दुपारी प्लास्टर रूम रिकामी असते. मामांनी त्याला व्हीलचेअरवरून तिथं आणलं. मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले. उभं राहून, वरून खाली बघत विचारलेल्या प्रश्नाला खाली पडलेला माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणतो.

पायाचा विषय मी काढला नाही. ‘दादा, यंदा कोणत्या कारखान्यावर होता?’ एवढंच विचारलं. तो बोलू लागला. पहाटे तीनला उठायचं, कोपीत चूल पेटवायची, अंधारात फडात उतरायचं. नवराबायको मिळून एक कोयता. दिवसाला किती टन निघतो, मोळी कशी बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं. हे सांगताना त्याचा आवाज भरीव झाला. कामात तो वाकबगार होता, आणि दवाखान्यात आल्यापासून त्याच्या या बाजूविषयी कुणी चौकशीच केली नव्हती. मग तो थांबला. मीही थांबले. नव्या मुलींना या कामात सगळ्यात जड जातं ते हे थांबणं. शांतता पसरली की त्या घाबरून पुढचा प्रश्न विचारतात आणि जे बाहेर येणार असतं ते आत जातं.

‘मॅडम, पाय गेला तर कोयता मोडला,’ तो म्हणाला. त्या दिवशी तेवढंच.

उरलेलं त्याच्या बायकोकडून कळलं, दुसऱ्या दिवशी, जिन्यात. हंगामाच्या आधी मुकादमाकडून त्यांनी एक लाख वीस हजारांची उचल घेतली होती. त्यातले बरेचसे आधीच्या देण्यात आणि घराच्या पत्र्यांत गेलेले. निम्मा हंगाम बाकी असताना कोयता बंद पडला. मुकादम रोज संध्याकाळी फोन करत होता. पैसे मागत होताच, पण एक तोडगाही सुचवत होता. मुलगी नववीत आहे, टोळीत त्याच्या पाहण्यातला एक पोरगा आहे, लग्न लावून द्या, नवा कोयता तयार होईल आणि दोन हंगामांत उचल फिटेल. ‘पाय हाये तवर ह्यांचा शबूद चालतोय,’ ती म्हणाली. ‘पाय गेल्यावर पोरीला कोण ठिवून घील घरी?’

सर्जनना वाटत होतं तो ऑपरेशनला भितो आहे, सिस्टरला वाटत होतं तो हट्टी आहे. तो मुलीचं लग्न रोखून धरत होता. त्याच्याकडे रोखायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पाय पणाला लावला होता.

चिठ्ठीवरची अडचण आणि खरी अडचण यांच्यातलं अंतर ओळखणं हा व्यक्तिसहाय्य कार्याचा गाभा आहे, आणि हे काही माझं शहाणपण नाही. मेरी रिचमंड यांनी 1917 मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहिला. गरीब माणूस आळशी आहे की लायक, असा निवाडा करत मदत वाटण्याच्या त्या काळात त्यांनी आग्रह धरला की आधी पुरावा गोळा करा: माणसाशी बोला, घरच्यांशी बोला, शेजारी, शाळा, मालक यांच्याकडून समजून घ्या, आणि मगच काय बिनसलं आहे ते ठरवा. आपल्याकडे हे शिक्षण मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये सुरू झालं, नागपाड्यात. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. दहा वर्षांनी, 1946 मध्ये, जवळच्याच जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. रोग शरीरात असतो, पण आजारी माणूस घरात, कर्जात आणि नात्यांत असतो, हे एका सरकारी रुग्णालयानं मान्य केलं ते तेव्हा. मला त्या नेमणुकीचा आजही अभिमान वाटतो.

खरी अडचण कळली म्हणजे उत्तर सापडलं असं होत नाही. इथे हात शिवशिवतात. मुकादमाला फोन लावावा, कायदा सांगावा, दम द्यावा असं वाटतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून आहे. मी तो दोघांनाही सांगितला. तक्रार कुठे करायची, पुढे काय होऊ शकतं, तेही सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुकादम त्यांच्याच गावचा, नात्यातला. सासूला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर जीप त्याचीच. ‘त्याच्याशी वाकडं घिऊन ऱ्हायचं कुटं, मॅडम?’ मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण गावात राहायचं त्यांना होतं, मला नाही. फेलिक्स बायस्टेक यांनी 1957 मध्ये व्यक्तिसहाय्याची जी तत्त्वं मांडली त्यात माणसाचा स्वतःच्या निर्णयाचा हक्क आहे. वर्गात ते पाठ करायला सोपं वाटतं. समोरचा माणूस आपल्याला न पटणारा निर्णय घेतो तेव्हा त्याचं वजन कळतं.

मुलीच्या बाबतीत मात्र मला असं मागे हटता येत नव्हतं. ती पंधरा वर्षांची. तिचा निर्णय बापाचा नव्हता आणि मुकादमाचा तर नव्हताच. जे सांगाल ते माझ्यापाशी राहील, असं मी त्याला आधी म्हटलं होतं. त्याच वेळी हेही सांगितलं होतं की कुणाच्या, विशेषतः लेकराच्या, जिवावर बेतणारं काही असेल तर मी गप्प बसू शकणार नाही. ते आता स्पष्ट बोलले. ‘दादा, लग्न ठरतंय असं कळलं तर मला ग्रामसेवकांना आणि मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 वर, कळवावं लागेल. तुमच्या पाठीमागे नाही करणार, तुम्हाला सांगून करीन.’ त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी गेले तर त्यानंच विचारलं, ‘कायदाच हाय म्हणता का तसा?’ मी हो म्हटलं. ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हेही सांगितलं. तो बराच वेळ विचार करत बसला. मग बायकोकडून फोन मागून घेतला आणि मुकादमाला लावला. मी शेजारी बसून होते, एक शब्द बोलले नाही. तो म्हणाला, ‘मामा, पोरीचं आता जमत न्हाई. सरकारी मान्सं हितं इचारायलीत. उचल बुडवीत न्हाई, पर पोरीचं नाव काढू नगा.’ मी सांगितलेला कायदा त्यानं स्वतःच्या हातात घेतला आणि स्वतःच्या भाषेत वापरला. मी फोन केला असता तर तो दवाखान्याचा फोन झाला असता. हा बापाचा फोन होता.

मेव्हण्याला बोलावून घ्यायचं त्यानंच ठरवलं. पुढच्या हंगामात मेव्हणा आणि बायको, म्हणजे भाऊ-बहीण, मिळून एक कोयता लावतील आणि उचल दोन हंगामांत फेडतील, अशी बोली झाली. कागदावर काही नाही. हा काही न्याय नव्हे, आणि तसं भासवायची माझी इच्छाही नाही.

सहीआधी आणखी एक गोष्ट झाली. ड्रेसिंगला येणारा एक जुना रुग्ण कृत्रिम पाय लावून चालतो. त्याची तयारी आहे का विचारून दोघांची गाठ घालून दिली. मी बाजूला झाले. त्यांचे प्रश्न माझ्या यादीत नव्हतेच. मांडी घालता येते का? चिखलात रुततो का? शौचाला बसायचं कसं? बायको काय म्हणाली? अर्ध्या तासानं त्यानं सिस्टरला हाक मारून कागद मागितला.

पुढचं धावपळीचं होतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज, जखम भरून सूज उतरल्यावर पायाचं माप, संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहाची चौकशी. तलाठ्याकडे कोणत्या कागदासाठी जायचं ते मी त्याच्या बायकोला एका वहीत लिहून दिलं. ती सातवी शिकलेली. प्रत्येक कागद मिळाला की ती पुढे टिक करायची आणि मला दाखवायला आणायची.

नोंदीबद्दल थोडं सांगते, कारण ते काम कुणाला दिसत नाही. केसपेपर वॉर्डात सगळे वाचतात: डॉक्टर, विद्यार्थी, कधी शेजारच्या खाटेचे नातेवाईकसुद्धा. त्यावर मी लिहिलं, ‘रुग्ण व कुटुंबीयांशी चर्चा केली, संमती दिली.’ मुलीचं, मुकादमाचं, फोनचं सगळं माझ्या कपाटात कुलपातल्या फायलीत. काय लिहायचं नाही हे कळायला मला फार वर्षं लागली.

आणि एक तक्रारही करते. दर महिन्याला आम्ही एक तक्ता वर पाठवतो. किती रुग्णांना कोणत्या योजनेतून किती रुपयांची मदत मिळवून दिली, एवढेच त्याचे रकाने. पैसे लागतातच, त्यात कमीपणा नाही. पण या माणसासाठी माझ्या तक्त्यात शून्य रुपये होते. त्याचं ऑपरेशन असंही मोफतच होणार होतं. प्लास्टर रूममधली दुपार, जिन्यातलं बोलणं, भिंतीकडे फिरवलेलं तोंड आणि दुसऱ्या सकाळचा प्रश्न, यांना रकाना नाही. म्हणून पदं भरताना कुणी सहज विचारतं, फॉर्म भरायला डेटा एन्ट्री ऑपरेटर पुरणार नाही का? फॉर्म भरायला पुरेल. पण तो फॉर्म भरेल त्या अडचणीचा जी चिठ्ठीवर लिहिली आहे.

डिस्चार्जनंतर मी ठरवून अंतरानं फोन करते. पावसाळ्यात त्याला प्रमाणपत्र मिळालं. पाय बसवला, घरात वापरतो, चिखलात काढून ठेवतो. साखरेच्या गोळ्या मध्ये एकदा बंद केल्या होत्या, पुन्हा सुरू केल्या. वसतिगृहात मुलगी गेली नाही. ती आजीपाशी राहते आणि दहावीत आहे. सर्जिकल वॉर्डाच्या लेखी ही केस कधीच संपली. माझ्या फायलीवर मी ‘चालू’ लिहून ठेवलं आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि आई फडावर गेली की अशा घरांत लग्नं उरकली जातात. त्याच्या आधी शाळेतल्या सरांशी आणि ग्रामसेवकांशी बोलायचं आहे. त्याला विचारलं, तो म्हणाला, ‘सरांस्नी मी सांगतो. गिरामसेवकाला तुमी करा.’